गळालेले एकोणीस शब्द

१

मंगळवारी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कार्यालय उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात डेनिस क्रोल आत आला आणि त्याने 'दोन बाजू'ची एक प्रत निवडणूक अधिकारी बाईंच्या टेबलावर आपटली. पत्रकातलं एक वाक्य चोरीला गेलंय, असं त्याचं म्हणणं होतं.

पत्रक चार पानांचं. दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या मतदानाआधी निघायचं. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली राज्याचे प्रस्ताव छापलेले असत, आणि त्यांचा कायदा व्हावा की नाही हे लोकांनीच 'हो' किंवा 'नाही' म्हणून ठरवायचं असे. प्रस्तावांची सरकारी भाषा वकिलांचंही डोकं उठवायची. म्हणून बेचाळीस वर्षांपूर्वी इडिथ ओल्सगार्ड नावाच्या बाईने चार शेजारणी जमवून हे पत्रक सुरू केलं. डावीकडे 'हो का', उजवीकडे 'नाही का'. दोन्हीकडे अडीचशे शब्द. एक कमी नाही, एक जास्त नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या त्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात लोक शेजाऱ्याने घातलेल्या कुंपणाच्या रेषेवर विश्वास ठेवत नसत, पण 'दोन बाजू'वर ठेवत.

यंदाचा मोठा प्रस्ताव शुश्रूषागृहांचा होता. वृद्धांच्या प्रत्येक शुश्रूषागृहात चोवीस तास एक पात्र परिचारिका हजर हवी, अशी सक्ती करायची की नाही? काउंटीत असं गृह एकच, क्रोलचं. 'नाही'च्या बाजूला त्याच्या मुद्द्याचं एक वाक्य येणार होतं. ते छापण्याआधी त्याला फोनवर वाचूनही दाखवलं होतं. पत्रकात ते नव्हतं.

अधिकारी बाईंनी सवयीने इडिथच्या घरी फोन लावला. तो इडिथच्या मुलीने, मॅरेनने उचलला. इडिथ नऊ ऑगस्टला गेली होती. क्रोलच्याच शुश्रूषागृहात, झोपेत, असं मॅरेनला कळवण्यात आलं होतं. मॅरेन पोर्टलंडहून घर आवरायला आली होती आणि पत्रक काढणाऱ्या मंडळाने गळ घातली म्हणून पत्रकाच्या घड्या घालायला थांबली होती. दोनशे प्रती काउंटी कार्यालयाच्या आणि वाचनालयाच्या काउंटरांवर गेल्या होत्या. उरलेल्या अडतीसशे आईच्या जेवणाच्या टेबलावर होत्या.

बाईंनी मुदत दिली शुक्रवारी दुपारी बाराची. तोवर हे कोणी आणि कसं केलं ते कळलं आणि दुरुस्ती निघाली तर ठीक. नाहीतर त्या काउंटरवरून पत्रक उचलणार, आणि वाचनालयही उचलणार.

"एकदा उचललं की परत ठेवता यायचं नाही, मॅरेन," बाई म्हणाल्या. "तुझ्या आईच्या जिवावर लोक ते नेत होते. आता ती नाही."

मॅरेनने येते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. तिने पेन्सिल घेतली आणि 'नाही'च्या बाजूचे शब्द मोजले. मग पुन्हा मोजले.

दोनशे एकतीस. एकोणीस शब्द खरोखरच गेले होते.

२

मंडळात आता तीन माणसं उरली होती. इडिथच्या जागी प्रमुख म्हणून बर्निस उरियार्ते आली होती. ती शाळेतली निवृत्त शिक्षिका. मॅरेनला सहावीत तिनेच शिकवलं होतं. दुसरा क्लाइड फायफर, गवताच्या गंजी विकून म्हातारा झालेला. तिसरी रोक्सॅन टटल, टपाल वाटणारी, मॅरेनच्याच वयाची.

मंडळाची एक पद्धत होती आणि ती इडिथचीच. ज्याचं मत 'नाही' असेल त्याने 'हो'ची बाजू लिहायची, आणि ज्याचं 'हो' असेल त्याने 'नाही'ची. स्वतःची बाजू सगळेच चांगली मांडतात, असं ती म्हणे. यंदा क्लाइडचं मत 'नाही' होतं, म्हणून त्याने 'हो' लिहिलं. रोक्सॅनचं 'हो' होतं, म्हणून तिने 'नाही' लिहिलं. बर्निसने दोन्ही वाचून आधार तपासले, शब्द मोजले, टाइप केलं. तिघांनी त्या प्रतीवर सह्या केल्या. सहीची प्रत वॉल्टच्या छापखान्यात जायची.

मॅरेन आधी छापखान्यात गेली. गावात तोवर बातमी पसरली होती आणि गावाने निकालही लावून टाकला होता. वॉल्टची बहीण सेलम शहरात नर्सांच्या संघटनेत होती. आणखी काय पुरावा हवा?

वॉल्ट शाईचे हात पुसत म्हणाला, "सकाळपासून सातवी आलीस तू. पहिले सहा जण विचारायला नव्हते आले, ऐकवायला आले होते."

त्याने खणातून एक पान काढून तिच्यापुढे ठेवलं. शनिवारी दाराच्या फटीतून पाकीट आत पडलं होतं, नेहमीसारखंच. त्यातलं हे पान. आलं तसं छापलं. मॅरेनने छापील प्रत शेजारी धरून ओळीला ओळ लावली. एका स्वल्पविरामाचाही फरक नव्हता. फरक खाली होता. सह्या नव्हत्या.

"तुम्ही सह्या बघत नाही?"

"बेचाळीस वर्षांत कधी बघितल्यात? मी छापखानेवाला आहे, बँकवाला नाही."

म्हणजे वाक्य छापखान्यात गळलं नव्हतं. कोणीतरी दुसरं पान टाइप करून, नेहमीच्या पाकिटात, नेहमीच्या दिवशी टाकलं होतं.

रोक्सॅन तिला टपाल कार्यालयाच्या मागे भेटली, गाडीत पेट्या चढवताना. ती संतापली होती. ते वाक्य तिचं होतं आणि तिच्या सगळ्या मजकुरात सर्वांत दणकट होतं. तिने ते तोंडपाठ म्हणून दाखवलं: "राज्यातल्या अकरा काउंट्यांमध्ये असं एकच घर आहे, ते बंद पडलं, तर तिथल्या वृद्धांना नव्वद मैलांवर, नातेवाइकांपासून दूर, राहावं लागेल."

मॅरेनने बोटांवर मोजलं. एकोणीस.

"तुझं मत 'हो' आहे," ती म्हणाली.

"आहेच. म्हणून मीच कापलं म्हणतेस?" रोक्सॅनने पेटी दाणकन ठेवली. "अगं, मला 'नाही'ची बाजू लुळी पाडायची असती तर लुळीच लिहिली नसती का? तीन आठवडे क्रोलच्या मागे लागून ते आकडे मिळवले मी. आधी मिळवायचे आणि मग चोरायचे, एवढा वेळ कोणाला आहे?"

हे बरोबर होतं. दावे तपासताना मॅरेन असल्याच गोष्टी शोधायची: खोटं बोलण्यासाठी माणसाला किती कष्ट पडले असते. इथे फार पडले असते.

गाडीत बसल्यावर ती पत्रक घेऊन पुन्हा चाळायला लागली. हात रिकामा होता म्हणून असेल किंवा आईची सवय म्हणून, तिने डावी बाजूही मोजली. 'हो'ची बाजू. तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

दोनशे एकतीस.

३

क्रोलच्या शुश्रूषागृहात ती ऑगस्टनंतर पहिल्यांदाच गेली. दारातल्या कुंड्या बदलल्या होत्या. क्रोलने तिला कचेरीत नेलं, कॉफी ओतली आणि आईबद्दल पुन्हा एकदा सांत्वन केलं. शांत गेल्या, म्हणाला. मॅरेनने मान हलवली.

'हो'ची बाजूही कापली गेल्याचं तिने त्याला सांगितलं नाही. फक्त विचारलं की शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तो कुठे होता, आणि मंडळातलं कोणी त्याच्या ओळखीचं आहे का. तो बॉइझीला मुलाकडे होता. मंडळातल्या सगळ्यांना तो ओळखत होता. नऊशे वस्तीच्या गावात न ओळखणार कसा?

मग तो आपलं सांगू लागला. त्याच्याकडे अठरा खाटा. रात्रीच्या नर्सची जाहिरात चौदा महिने लागलेली आणि एक अर्ज आलेला, तोही फ्लोरिडाहून. कायदा झाला तर मार्चमध्ये तो कुलूप लावणार. "मी बदमाश असतो तर सोपं होतं," तो म्हणाला. "लोकांना निदान कोणाला शिव्या द्यायच्या ते कळलं असतं."

परत येताना तिने मनात मांडणी केली. दोन्ही बाजूंचे एकोणीस-एकोणीस शब्द गेले होते. बाहेरच्या माणसाला पत्रक वाकवायचं असतं तर त्याने एकच बाजू कापली असती. क्रोल असता तर 'हो'ची कापली असती, आणि स्वतःचं सर्वांत मोलाचं वाक्य कशाला काढलं असतं? वॉल्टच्या बहिणीसाठी कोणी केलं असतं तर 'नाही'ची कापली असती. चोरी करताना पारडी सारखी ठेवायची, ही खोड जगात फक्त या मंडळाच्या माणसांना होती. हात चुकीचं काम करत असतानाही मोजत राहिला होता.

म्हणजे चोर मंडळातला होता. तिघांतला एक.

आणि दुसरं: दोन वाक्यांपैकी एकच वाक्य चोराला नको होतं. दुसरं नुसतं तराजू सारखा करण्यासाठी गेलं होतं. सगळं गाव मंगळवारपासून 'नाही'च्या वाक्याकडे बघत होतं. ते कदाचित नुसतं वजन असेल.

मग 'हो'च्या बाजूला काय होतं?

४

क्लाइड स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. बायको गेल्यापासून तो बुधवारी आठवड्याचं सूप करून ठेवायचा. मॅरेनला त्याने खुर्ची दाखवली आणि सुरीही दिली.

आपलं छापलेलं तो वाचतच नाही, असं त्याने सांगितलं. "मनाविरुद्ध एकदा लिहिलं की झालं. परत वाचलं तर पटायला लागतं, पोरी. अठ्ठ्याण्णव साली तसंच झालं. मीच लिहिलं आणि मलाच पटलं. बायको आठवडाभर हसत होती."

मॅरेनने त्याच्यासमोर पत्रक ठेवलं आणि काय नाहीये ते बघायला सांगितलं. त्याने चष्मा शोधला, बोट ठेवून वाचत गेला, नवव्या वाक्यापाशी थांबला. बोट दोनदा मागे-पुढे झालं.

"इथे ती बाई होती," तो म्हणाला.

"कोण बाई?"

"बेकर सिटीच्या पेपरात आलं होतं. राज्याच्या तपासणीत निघालं म्हणून चार ओळी. गावाचं नाव नव्हतं, बाईचं नव्हतं. मी त्यावरून वाक्य केलं." त्याने डोळे मिटले आणि गवताचे जुने भाव सांगावेत तसं एका सुरात म्हणून टाकलं: "या उन्हाळ्यात अशाच एका घरात एक वृद्ध महिला पहाटे चाळीस मिनिटं घंटा वाजवत होती, तेव्हा इमारतीत एकही परिचारिका नव्हती."

मॅरेनने ते पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. मोजलं. एकोणीस.

"माझं मत 'नाही' आहे बरं का," क्लाइड म्हणाला. "पण ते वाक्य लिहिताना मला दोनदा उठावं लागलं. कोणी कापलं ते?"

तिने अजून माहीत नाही म्हणून सांगितलं. हातातला बटाटा सोलून पूर्ण केला, सुरी पुसली आणि विचारलं की त्या वाक्याचा आधार कोणी तपासला.

"बर्निसने. सगळे तीच तपासते. पेपरातलं चालत नाही तिला, मूळ अहवाल मागवते. कार्ड असेल बघ वाचनालयात."

राज्यात अशी शंभराच्या वर घरं होती. उन्हाळा तीन महिन्यांचा होता. वाचनालयापर्यंतच्या रस्त्यावर मॅरेनने हे दोन्ही आकडे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितले.

५

वाचनालयाच्या दारापाशी एका छोट्या टेबलावर पाककृतींची कार्डं ठेवायचा असतो तसला लाकडी डबा होता. पत्रकातल्या प्रत्येक वाक्यामागे त्यात एक कार्ड असे: हे कुठून घेतलं, कोणत्या पानावरून. कोणाही मतदाराने यावं आणि बघावं. येत फारसं कोणी नसे, पण डबा तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. कार्ड फेकायचं नाही, हाही एक नियम होता. वाक्य गळलं तरी कार्ड राहायचं.

'हो'च्या बाजूला छापलेली वाक्यं तेरा होती. कार्डं चौदा निघाली.

नववं कार्ड बर्निसच्या अक्षरात होतं, त्याच सरळ, फळ्यावरच्या अक्षरात. राज्य तपासणी अहवाल. क्रोल शुश्रूषागृह. पान चार. रहिवासी क्रमांक तीन, वय एक्याऐंशी. नऊ ऑगस्ट, पहाट.

मॅरेनने कार्ड जागेवर ठेवलं. मग बाहेर काढलं, तारीख वाचली आणि पुन्हा ठेवलं. ग्रंथपाल मुलीने हवंय का काही म्हणून विचारलं. मॅरेन म्हणाली, नको, सापडलं.

बाहेर बाकावर बसून तिने उरलेलं काम संपवलं, कारण ते करायचं होतं. 'नाही'च्या बाजूचं एकेक छापील वाक्य तिने मोजलं. बारा शब्द, सव्वीस, पंधरा, बावीस, अकरा. शेवटपर्यंत एकही वाक्य एकोणिसाचं नव्हतं. रोक्सॅनचं वाक्य दणकट होतं म्हणून गेलं नव्हतं. ते मापात बसलं म्हणून गेलं होतं.

रोक्सॅनचं मत 'हो' होतं. तिने 'हो'चं सर्वांत धारदार वाक्य काढलं नसतं. क्लाइडने ते स्वतः लिहिलं होतं आणि आजही कोणाबद्दल लिहिलं ते त्याला माहीत नव्हतं. तारीख बघितलेलं माणूस एकच होतं.

६

बर्निसने दार उघडलं आणि मॅरेनचा चेहरा बघून कॉफी विचारली नाही.

"बस," ती म्हणाली.

"मिसेस उरियार्ते, तुम्ही कार्ड का काढलं नाहीत?"

हाच प्रश्न पहिला येईल असं बर्निसला वाटलं नसावं. ती म्हणाली की कार्ड काढायचं तिच्या मनातच आलं नाही. आधार नाहीसा करायचा म्हणजे... ते तिला सुचलंच नव्हतं.

बाकी तिने सरळ सांगितलं. मागवलेला मूळ अहवाल उशिरा, सह्या झाल्यानंतर टपालाने आला. तिने पान चार उघडलं. त्या दिवशी ती उठून दोनदा मॅरेनच्या दारापर्यंत आली आणि परत गेली. एकदा तिला मॅरेन खिडकीतून दिसली, आईचे कोट खोक्यात भरताना. मग तिने घरी जाऊन पान पुन्हा टाइप केलं.

"घड्या घालायला तू बसणार होतीस," ती म्हणाली. "अडतीसशे. प्रत्येक वेळी तुझ्या हाताखालून गेलं असतं ते. आणि तू इडिथची मुलगी. डबा उघडल्याशिवाय राहिली नसतीस."

"तुम्ही मला सांगू शकला असता."

"हो."

एवढंच. बर्निसने त्याला पुढे काही जोडलं नाही. मॅरेनने ती गोष्ट मनात नोंदली. खोटं बोलणारी माणसं इथे नेहमी काहीतरी जोडत.

"आणि रोक्सॅनचं वाक्य?"

"एकाच बाजूचं काढलं असतं, तर ते खोटं झालं असतं."

"दोन्ही बाजूंचं काढलं म्हणजे खरं झालं?"

बर्निसने हात मांडीवर ठेवले. वर्गात उत्तर न आलेल्या मुलांकडे ती ज्या नजरेने बघायची, त्याच नजरेने आता स्वतःच्या हातांकडे बघत होती. ती म्हणाली की उद्या सकाळी अधिकारी बाईंकडे जाऊन सगळं कबूल करेल आणि मंडळ सोडेल. मग म्हणाली, एक मात्र करता येईल. क्रोलची तक्रार एका वाक्याचीच आहे. तेवढंच दुरुस्तीत घालावं. पत्रक वाचेल. दुसऱ्याबद्दल कोणालाच माहीत नाही.

"मला आहे," मॅरेन म्हणाली.

७

गुरुवारी सकाळी मॅरेनने क्रोलला फोन केला नाही, समोर जाऊन सांगितलं. वाक्यं बर्निसने काढली होती आणि आता दुरुस्तीची चिठ्ठी निघणार होती. त्यात दोन वाक्यं असणार होती, आणि दुसरं वाक्य त्याच्या घराबद्दल होतं.

क्रोलने कागद वाचला. मग कचेरीचं दार लावून घेतलं.

"मी तुम्हाला झोपेत म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

"हो."

"नर्स चाळीस मैलांवरून येते. त्या पहाटे तिच्या गाडीला हरीण आडवं आलं. रात्रीची मदतनीस मुलगी एकटी होती आणि तिकडे सात नंबरच्या खोलीतले गृहस्थ पडले होते. त्यांना उचलून ती तुमच्या आईकडे गेली तेव्हा... शेवटची दहा मिनिटं ती त्यांच्यापाशी होती. हात धरून. हे अहवालात नाही."

मॅरेनने ते ऐकून घेतलं. ते खरं असावं असं तिला वाटलं, आणि त्याने काही कमी होत नाही असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

मग क्रोलने सौदा मांडला. तो तक्रार मागे घेईल. त्याचं वाक्य गेलं तर गेलं, तिच्या आईबद्दलचंही तसंच राहू दे. तो आत्ता अधिकारी बाईंना फोन करून म्हणेल की माझीच चूक झाली. पत्रक काउंटरवर राहील, तिच्या आईचं काम राहील, बर्निसला तोंड लपवावं लागणार नाही. "सगळ्यांचंच बरं होईल," तो म्हणाला, आणि त्यात त्याचं एकट्याचं बरं नव्हतं, हेही खरं होतं.

तिला फक्त गप्प राहायचं होतं. विम्याच्या कामात तिने हजारो सौदे पाहिले होते, आणि वाईट सौदे असे नसतात. वाईट सौदे वाईट दिसतात.

"मिस्टर क्रोल, तुमचं वाक्य लोकांना कळायला हवं," ती म्हणाली. "नव्वद मैल खरे आहेत. मी तर अडीचशे मैलांवर होते."

ती वॉल्टकडे गेली तेव्हा क्लाइड आणि रोक्सॅन तिथेच होते. बर्निसने सकाळीच दोघांना गाठून सांगितलं होतं. क्लाइड टोपी हातात धरून उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा टोपीकडे. तिने जवळ जाऊन त्याच्या बाहीवर हात ठेवला. वाक्य चांगलं लिहिलंय, म्हणाली.

रोक्सॅनला मात्र राहवेना. "नाव घाल," ती म्हणाली. "इडिथ ओल्सगार्ड. नुसतं 'एक वृद्ध महिला' काय? गावात एक माणूस नाही जो तिला ओळखत नव्हता. नाव वाचलं की सगळी काउंटी 'हो' म्हणेल."

"म्हणूनच नाही घालायचं."

"ती तुझी आई होती गं."

"मग उजवीकडेही कोणाची तरी आई घालावी लागेल," मॅरेन म्हणाली. "नव्वद मैलांवर जाणारी. तिचं नाव अजून कोणाला माहीत नाही."

रोक्सॅन कपाटाला टेकली. वॉल्टने कागद कोणता वापरायचा म्हणून विचारलं. पांढराच, मॅरेन म्हणाली.

चिठ्ठी तळहाताएवढी होती. मंडळाच्या एका सदस्याने सह्या झाल्यानंतर दोन्ही बाजूंचं एकेक वाक्य काढलं होतं, आणि छापखान्याचा त्यात दोष नाही, असं वर लिहिलं होतं. सदस्याचं नाव बर्निसने स्वतः घालायला लावलं. खाली डावीकडे एक वाक्य आणि उजवीकडे एक. वॉल्टने छापण्याआधी या वेळी सह्या मागितल्या आणि प्रत्येक सहीखाली बोट ठेवून वाचली. अधिकारी बाईंनी मजकूर पाहून मान डोलावली. बाकीचं लोक ठरवतील, म्हणाल्या. शुक्रवारी बारापर्यंत सगळ्या प्रती चिठ्ठीसकट काउंटरवर हव्यात.

अडतीसशे प्रती होत्या. शुक्रवारी सकाळी सातला मॅरेन, क्लाइड, रोक्सॅन आणि वॉल्ट इडिथच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसले, आणि साडेसातला दारावर थाप पडली. बर्निस होती. आत येऊ का, असं तिने विचारलं नाही. मंडळ सोडलंय, पण हात रिकामे आहेत, म्हणाली.

मॅरेनने तिच्याकडे बघितलं. राग गेला नव्हता. तो कधी जाईल हे तिला माहीत नव्हतं आणि आज ते ठरवायचं कारणही नव्हतं. तिने शेजारची खुर्ची ओढून दिली.

बर्निसने कोट काढला, खोकं उघडलं आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे वाटले. प्रत्येकाच्या पुढ्यात एक. मॅरेनच्या पुढ्यात ठेवताना तिने गठ्ठा उलटा ठेवला, कोरी बाजू वर.

मॅरेनने तो सुलटा केला आणि पहिली चिठ्ठी उचलली.